सुतारकीपासून इलेक्ट्रिकल पदविकेपर्यंत: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

हे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. तालुक्याच्या गावी आम्ही काही शिक्षक दरवर्षी दहावीच्या निकालानंतर मुलांना पुढच्या प्रवेशाची माहिती देतो, अर्ज भरून देतो. या घराशी संबंध आला तो असाच.

मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलताना ‘घरची परिस्थिती’ म्हटलं की आपण लगेच पैशावर येतो. या घरात पैसा कमी होताच. पण घरातल्या मधल्या मुलीचं अडलं ते आधी दुसऱ्याच ठिकाणी. नोकरीला लागण्याचा एकच रस्ता या घराने पाहिला होता आणि मुलगी दहावी होईपर्यंत तो बंद झाला होता.

पार्श्वभूमी

मुलीचे आबाजी, म्हणजे आजोबा, गावचे सुतार. बंडी, वखर, डवरा, तिफन, जू, दाराच्या चौकटी, सगळं त्यांच्या हातचं. ज्याच्याकडे जितक्या बैलजोड्या, त्या हिशेबाने सुगीनंतर ज्वारी घरी यायची. रोख पैसा क्वचितच. पुढे लोखंडी अवजारं आली, बंडीला टायर लागले, मग ट्रॅक्टर आला आणि तणनाशकाने डवऱ्याचं कामही कमी केलं. ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मुलीच्या वडिलांनी मात्र एक वेगळी गोष्ट सांगितली: “ज्वारी होती तोवर आमचं पोट होतं. सोयाबीन आलं अन् कास्तकाराजवळ आमाले द्यायले दानाच उरला नाई.” पीक बदललं तसा मजुरी देण्याचा व्यवहारच मोडला. सोयाबीन काही पायलीने मापून सुताराच्या घरी जात नाही.

आबाजींना दोन मुलगे. थोरला शिकला, डी.एड. झाला. राज्यात २००० साली शिक्षण सेवक योजना सुरू झाली होती, त्यातून तो काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. मानधनाची तीन वर्षं काढून कायम झाला. पुढे तालुक्याला घर बांधलं. भावाची मुलं त्यांना मोठेबाबा म्हणतात. या घराण्यातली ही पहिली पगारी नोकरी.

धाकटा, म्हणजे मुलीचे वडील, दहावीला गणितात नापास झाला आणि शाळा सुटली. काही वर्षं लाकडावर हात चालवला. मग दिग्रसला एका मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरला पुन्हा तार गुंडाळून देण्याच्या, दुकानात राहून काम शिकला आणि गावाजवळच्या फाट्यावर टिनाचं स्वतःचं दुकान टाकलं. शेत दोन एकर, कोरडवाहू. दुकानाला काम येतं ते मुख्यतः रब्बीत. हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचे दिवस, शेतीची वीज आळीपाळीने रात्री, व्होल्टेज कमी, त्यात एखादा फेज गेला की मोटर जळते.

या वडिलांना तीन मुलं. थोरली मुलगी, मग जिच्याबद्दल हे प्रकरण आहे ती मधली, आणि धाकटा मुलगा.

थोरलीने आर्ट्समधून बारावी केली आणि २०१७ साली डी.एड.ला गेली. का, तर “मोठेबाबा लागले, तूही लागशील.” तोवर काळ पुरता पालटला होता. २०१२ पासून शिक्षकभरती थांबलेली, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा सुरू, आणि २०१७ मध्ये शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल व अभियोग्यता चाचणी आलेली. डी.एड. कॉलेजांतल्या जागा रिकाम्या राहत होत्या. जागा रिकाम्या म्हणूनच प्रवेश सहज मिळाला, आणि सहज मिळाला म्हणून घरच्यांना तो शुभशकुन वाटला. मोठेबाबा स्वतः शिक्षक, तरी भरतीबद्दल त्यांना ठाऊक होतं ते आपल्या वेळचं. एकदा नोकरीत शिरलेला माणूस दाराकडे पुन्हा वळून बघत नाही. यात त्यांचा दोष नाही, पण सल्ला त्यांचाच मानला गेला. थोरली आज एका खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते.

प्रश्न काय होता

मधली मुलगी दहावी झाली जून २०२२ मध्ये. आठवीचा शेवट आणि नववी लॉकडाऊनमध्ये गेली. दहावीच्या वर्षी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. शाळा शेजारच्या गावात. कधी वडिलांच्या गाडीवर, कधी पायी, अशी ती पोचायची. तरीही ऐंशी टक्क्यांच्या वर गुण आले.

निकालानंतर घरात दोन मतं होती, दोन्ही अनुभवातून आलेली. मोठेबाबांकडून घर शिकलं होतं की शिकलं तर मास्तर होता येतं. थोरलीकडून शिकलं होतं की शिकून काही होत नाही. वडिलांचा कल दुसरीकडे होता: “एकीवर पैसे घातले. काय झालं त्याचं?” गावातल्याच कॉलेजात अकरावी-बारावी करू दे, अठरा पूर्ण झाले की स्थळ पाहू, इथवर बोलणं आलं होतं. मायचं म्हणणं एवढंच की लांब नको.

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “पोलीस भरती.” गावातल्या दोन मुली पहाटे रस्त्यावर धावायच्या, ते तिने पाहिलेलं. जे डोळ्यांसमोर आहे त्यातूनच मूल निवडतं. शिक्षक, पोलीस, तलाठी, नर्स. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी यापलीकडचं पाचवं नाव फार क्वचित येतं, आणि आलं तर त्या घरात तसा कुणी माणूस असतो.

समोर असलेले पर्याय

अकरावी विज्ञान घेऊन नीट किंवा सीईटी हा पहिला. मोठेबाबांचा आग्रह याचाच होता. नाव गावाकडच्या कॉलेजात आणि मुक्काम अकोल्याला क्लासमध्ये, ही पद्धत आता सर्रास आहे. पण क्लासची फी आणि दोन वर्षांचा राहण्याचा खर्च या घराच्या आवाक्याबाहेर होता आणि कर्ज काढायला वडील तयार नव्हते.

दुसरा पर्याय आर्ट्स आणि सोबत भरतीची तयारी. खर्च जवळजवळ नाही, कारण ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. मात्र भरतीवर विसंबणं किती बेभरवशाचं, हे पुढच्याच वर्षी तलाठी भरतीत सगळ्यांना दिसलं. ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे.

तिसरा आयटीआय, चौथा तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका. दोन्हींचा विषय घरात कुणी काढलाच नव्हता. आयटीआय म्हणजे ‘कमी मार्कवाल्या पोट्ट्यांचं’, आणि पदविका म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

पहिला निर्णय: हिला काय येतं, हे कुणी पाहिलं

वडील आमच्याकडे आले ते आर्ट्सच्या प्रवेशासाठी कागदपत्रं विचारायला. सोबत मुलगी होती. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, कोपरे वार्निशने चिकट झालेली एक वही तिच्या हातात होती. ती दुकानाची वही निघाली. प्रत्येक पानावर एक मोटर: किती एचपी, स्टेटरला (मोटरच्या स्थिर भागाला) खाचा किती, एका कॉइलमध्ये वेढे किती, तारेचा गेज कोणता, तार किती ग्रॅम लागली, मोटर कशाने जळली असावी. ‘कशाने जळली’ हा रकाना तिने स्वतःच्या मनाने वाढवलेला. काही पानांवर वेढ्यांचा आकडा खोडून दुसरा लिहिलेला आणि समोर कारण: आधीच्या कारागिराने वेढे कमी घातले होते, म्हणून मोटर तापत होती.

पाचवी-सहावीपासून ती दुकानात बसायची. जळालेलं कॉइल कापून काढायचं, वेढे मोजायचे, खाचांत कागद बसवायचा. बोटं बारीक म्हणून अरुंद खाचेत तार तीच नीट बसवायची. वडिलांच्या लेखी हा हातभार होता. दुकान पुढे मुलाला द्यायचं हे ठरलेलंच होतं, जरी मुलगा तिथे पाच मिनिटं टिकत नव्हता.

एखाद्या इंजिनिअरच्या घरातल्या मुलीने अशी वही केली असती, तर ती चार पाहुण्यांना दाखवली गेली असती. इथे ती दुकानाच्या फळीवर पडून होती. कसब घरात असणं पुरत नाही. याला पुढे शिक्षणात जागा आहे, हे सांगणारं कुणीतरी घरात असावं लागतं. आबाजींचं लाकडाचं माप, वडिलांचा तारेवरचा हात आणि मुलीची वही हे एकाच धाग्यातलं आहे असं मला वाटतं. या तिघांच्या अंगची हुशारी शाळेच्या गुणपत्रिकेत कुठेच दिसली नसती.

इलेक्ट्रिकल पदविकेचं नाव आम्ही काढलं. वडील म्हणाले, “थे तर पोट्ट्याईचं काम हाये ना?” मुलगी गप्प होती. मग हळूच तिने विचारलं, “तिथं मोटर शिकवतेत काय?” शिकवतात, एक पूर्ण विषयच असतो, असं सांगितल्यावर तिने वही मिटली आणि वडिलांकडे बघितलं. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात मुलींना तीस टक्के जागा राखीव असतात, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

दुसरा निर्णय: भावाचं दार

अर्जाची मुदत जवळ आली होती आणि जातीचा दाखला नव्हता. सुतार समाज इतर मागासवर्गात येतो. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांचा शाळेचा दाखला त्यानंतरचा. आबाजी तर शाळेतच गेलेले नाहीत, मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची नोंद कुठून असणार? ज्याचा आजा शिकला त्याचा कागद तयार असतो. ज्याचा आजा शिकला नाही त्याला सवलतीची गरज जास्त आणि पुरावा मिळवणंही जास्त कठीण.

पुरावा होता, पण मोठेबाबांच्या कपाटात. नोकरीच्या वेळी त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) आबाजींच्या जन्माची नक्कल काढली होती आणि पुढे जात वैधताही करून घेतली होती. वडिलांच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची वैधता असली की पुढच्यांचं काम फार सोपं होतं. अडचण एकच: घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. सणासुदीला बायकामुलं जायची-यायची, मोठेबाबांचा सल्लाही त्यांच्यामार्फतच पोचायचा, पण वडिलांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. थोरलीच्या डी.एड.च्या वेळी याच कारणाने दाखला निघाला नाही. जागा रिकाम्या असल्याने प्रवेश झाला, पण फी पूर्ण भरावी लागली, शिष्यवृत्ती हुकली. ‘एकीवर पैसे घातले’ या वाक्यामागे ही फी होती.

वडिलांनी दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी आजी म्हणाली, “चाल, मी बी येतो तुयासंग. कागद बापाचा हाये, त्याच्या एकट्याचा नाई.” मायलेक गेले. मोठेबाबांनी फाइल काढून दिली, चहा झाला, वाटणीचा विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रावर मोठेबाबा स्वतः हजर. इलेक्ट्रिकलबद्दल ते साशंक होते, पण त्यांनी वीज कंपनीत लागलेल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावून मुलीशी बोलायला दिलं. त्याने अर्धा तास तिला समजावून सांगितलं. नोकरदार काकाचा खरा उपयोग झाला तो असा: एक कागद आणि एक ओळख. करिअर निवडण्याबाबतचा त्यांचा सल्ला या वेळीही जुन्याच काळातला होता.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर अशी कागदं जुळली. पहिल्या फेरीत एक खाजगी तंत्रनिकेतन आलं. जागा आली आहे तर घेऊन टाकू, असा वडिलांचा धीर सुटत होता. गुण पाहता दुसऱ्या फेरीपर्यंत थांबणं योग्य होतं आणि ते थांबले. शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला जागा मिळाली.

तिसरा निर्णय: पहिल्या सत्राचा निकाल

वसतिगृहात जागा मिळायला वेळ लागला, तोवर दोन मुलींसोबत भाड्याची खोली. शिष्यवृत्ती हातात पडायला उशीर होतोच, हे धरून वडिलांनी आधीच बचत गटातून मायच्या नावावर रक्कम उचलली होती. ही शहाणपणाची गोष्ट ठरली.

पहिल्या सत्रात मुलगी गणितात नापास झाली. पुस्तकं इंग्रजी, आणि नववीचं बीजगणित मोबाइलच्या रेंजअभावी हुकलेलं. ती घरी आली ती बॅग घेऊनच. “मी दुकानात बसतो,” म्हणाली.

या घरात गणितात नापास होण्याचा अर्थ आधीच ठरलेला होता. वडील गणितात नापास झाले आणि शाळा संपली होती. “आपल्या घराले गणित जमत नाई,” असं माय सहज बोलून गेली. शिकलेल्या घरात एटीकेटी म्हणजे पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचा पेपर. इथे ती शिक्षणाचा शेवट समजली गेली. मुलाची वाट ठरवायला जमीन आणि पैसा यांच्याइतकाच हा अर्थही कारण होतो, कारण तो भांडणाशिवाय मान्य होतो.

यावेळी थोरली बोलली. घरात आजवर तिला कुणी फार विचारलं नव्हतं. ती वडिलांना म्हणाली की एक विषय राहिला तरी पुढच्या सत्रात बसता येतं, वर्ष जात नाही. माझ्या वर्गात निम्म्या मुलींचे विषय राहिले होते आणि त्या पास झाल्या. ‘वाया गेलेल्या’ डी.एड.चा घराला झालेला हा उपयोग कुणी मोजणार नाही, पण मुलगी परत गेली ती तिच्या बोलण्यामुळे. वसतिगृहातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिला रोज रात्री गणित शिकवलं. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

दुसऱ्या वर्षी यंत्रांचा विषय सुरू झाला आणि चित्र पालटलं. प्रयोगशाळेत मोटर खोलायला इतर मुलं बिचकायची. हिने ती शंभरदा खोललेली. तीन फेजांच्या जोडणीचा जो हिशेब इतरांना फळ्यावरून पाठ करावा लागत होता, तो तिच्या बोटांना ठाऊक होता. त्याचं कारण तिला आता कळत होतं.

निष्पत्ती

२०२५ मध्ये ती प्रथम श्रेणीत पदविका झाली. चाकणच्या बाजूला ट्रेनी म्हणून जाण्याची संधी होती. दुसरीकडे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे, त्यामुळे तराजू पदवीकडे झुकला. मोठेबाबांच्या वैधतेच्या आधारावर तिची वैधता वेळेत निघाली होती. ती सध्या पदवीला आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च आहेच. पदवीनंतर नोकरी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी ती यवतमाळात मिळणार नाही, याची चर्चा घरात मोकळेपणाने होते, ही मला जमेची बाजू वाटते. सुट्टीत ती दुकानात बसते.

थोरलीचं मात्र काही बदललेलं नाही. धाकट्या बहिणीच्या यशाने तिची वर्षं भरून येत नाहीत, आणि या प्रकरणाची गोष्ट सांगताना तिला बाजूला ठेवणं अन्यायाचं होईल.

वेगळं काय करता आलं असतं

जातीच्या दाखल्याचं काम दहावीच्या निकालाची वाट न पाहता आठवीतच व्हायला हवं होतं. मुदत तोंडावर नसती तर वडिलांना भावाकडे इतक्या घाईने, इतक्या अवघडलेपणाने जावं लागलं नसतं. शाळेने पालक सभेत आजोबा शिकलेले आहेत का, हा साधा प्रश्न विचारला तरी कुणाचा कागद अडणार हे आधी कळतं. जिथे आजोबा शाळेत गेले नाहीत तिथे कोतवाल बुकाची नक्कल काढायला वेळ लागतो.

थोरलीच्या वेळी भरतीची स्थिती तपासली गेली असती तर सर्वांत मोठं नुकसान टळलं असतं. घरातल्या नोकरदाराला ‘कसे लागलात’ विचारण्यासोबत ‘गेल्या दोन वर्षांत त्या मार्गाने कोण लागलं’ हे विचारायला हवं. उत्तर देता आलं नाही तर तो सल्ला जुना समजावा.

आणि पदविकेला जाणाऱ्या मुलामुलींना जून-जुलैच्या रिकाम्या आठवड्यांत गणित आणि इंग्रजी संज्ञांची तयारी मिळाली असती, तर पहिल्या सत्राचा तो प्रसंग कदाचित आलाच नसता. आता आम्ही तसा वर्ग घेतो.

धाकट्याचा प्रश्न

धाकटा यंदा दहावीला आहे. घरात सगळे गृहीत धरून आहेत: ताईसारखं इलेक्ट्रिकल. दुकान आहे, ताई आहे, वाट पाहिलेली आहे. मुलगा मात्र शेजाऱ्याच्या बकऱ्यांमागे असतो. कोणती बकरी कधी व्यायली, कोणत्या करडाला हगवण लागली, हे तो तोंडपाठ सांगतो. थोरलीला मोठेबाबांच्या मागे पाठवलं तसंच याला ताईच्या मागे पाठवण्याची ही तयारी आहे, आणि हे वडिलांना दाखवून देणं मुलीच्या वेळेपेक्षा अवघड जातंय, कारण या वेळी त्यांच्या हाती यशाचं उदाहरण आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखालची दहावीनंतरची कृषी पदविका, किंवा बारावी विज्ञान करून नीटमार्गे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक पदवी, असे दोन मार्ग आम्ही त्यांच्यापुढे ठेवले आहेत. दुसऱ्यासाठी त्याचे गुण सध्या कमी पडतात, हेही सांगितलं आहे. वडिलांचं उत्तर होतं, “बकऱ्या चारायले कोर्स लागते काय?” ताई दिवाळीत घरी आली तेव्हा तिने त्याला करडांच्या नोंदीसाठी एक वही आणून दिली. दहावीचा फॉर्म भरून झाला आहे, जातीचा दाखला नववीतच काढून झाला आहे, आणि निकालाआधी एकदा वडिलांना कृषी विद्यालय दाखवून आणायचं ठरलं आहे. सोबत मोठेबाबाही येणार आहेत.